फोटोखालची ओळ

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फुटबॉलची वेळ ओहोटी ठरवते. पाणी मागे गेलं की ओली, घट्ट वाळू मोकळी होते आणि काही तासांपुरतं मैदान मिळतं. हे मैदान रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतं. त्यामुळे उद्या किती वाजता आणि किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला जमायचं, हे मुलांना रोज कळवावं लागतं. मामा ते संघाच्या इन्स्टाग्रामवर कळवतात. आदल्या दिवशीच्या सरावाचा फोटो असतो. त्याखाली मुलांची नावं, शाळा, जर्सीचे क्रमांक असतात आणि शेवटी उद्याची वेळ. पान सगळ्यांना उघडं आहे.

मामा निवृत्त क्रीडाशिक्षक. जन्म कोळीवाड्यातला, म्हणून सगळ्या पोरांचे ते मामाच. त्यांची सख्खी भाची तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर, आराम नगरातल्या एका कास्टिंग ऑफिसात काम करते. जाहिरातींसाठी मुलं शोधणं हे तिचं काम. दिवसभर लहान मुलांचे फोटो चाळणारी ती, आणि संघाच्या पानावरचे फोटो उतरवा म्हणून मामांच्या मागे लागलेलीही तीच. त्यांचा वाद एका दिवसाचा नाही. मी त्याचे तुकडे एका बैठकीत जोडून दिले आहेत आणि मधूनमधून तोंडही घातलं आहे.

भाची : मामा, कालचा फोटो छान आलाय. पण त्याखाली तू जे लिहिलंयस ते एकदा परक्या माणसासारखं वाच. पोराचं पूर्ण नाव, घरी हाक मारतात ते नाव, शाळा, इयत्ता, आणि उद्या पावणेपाचला ते कुठे उभं असेल ते. कोणाला त्याच्याशी ओळख काढायची असेल तर आणखी काय लागतं? ‘तुझ्या मामांनी पाठवलंय’ एवढं म्हटलं की झालं.

मामा : इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गल्लीत अनोळखी माणूस शिरला तर तीन बायका विचारतात, कोणाकडे जायचंय म्हणून.

भाची : गल्लीत विचारतात. पानावर कोण विचारतं?

मामा : मग काय पोरांना झाकून ठेवू? मासळी झाकून ठेवली तर गिऱ्हाईक थांबत नाही, बाय.

भाची : मासळीला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नसतं, मामा.

यावर मामाही हसले. पण त्यांचं खरं म्हणणं गिऱ्हाइकाबद्दल नव्हतंच, ते पुढे आलं.

मामा : मी कूपरेजवर खेळलोय. गोल मारलेत. कोणाला सांगितलं तर म्हणतात, असेल. माझ्याकडे एक फोटो नाही. आमच्या वेळी वर्सोव्याच्या पोराचा फोटो काढायला येणार कोण? १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि कांबळीने ६६४ची भागी केली. एक चौदाचा, एक सोळाचा. धावफलकासमोर उभी असलेली ती दोन पोरं आजही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. तेव्हा कोणी म्हटलं का, लहान मुलांचे चेहरे छापू नका? शारदाश्रमचं नाव, पोरांची नावं, सगळं छापलं. त्यातूनच लोकांना कळलं ना, की असे कोणी आहेत!

भाची : धावा झाल्या म्हणून कळलं. फोटो नंतर आला. आणि तो छापायचा की नाही हे वर्तमानपत्रात बसलेल्या कोणीतरी ठरवलं होतं. चुकलं असतं तर त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. शिवाय त्या फोटोखाली कोणाला सचिनला चार शब्द लिहिता येत नव्हते, की रात्री त्याला थेट मेसेज टाकता येत नव्हता. तेव्हाचा फोटो लोक बघायचे. आताच्या फोटोतून लोक आत येतात.

मामा : आत येऊ देत. चांगलं म्हणायलाही येतात.

भाची : येतात ना. जानेवारी २०१६ आठव. कल्याणला आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या. पंधरा वर्षांचा मुलगा, वडील रिक्षा चालवणारे. संध्याकाळपर्यंत जगभर त्याचं नाव झालं. खुद्द सचिनने कौतुक केलं, बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली. आणि पुढच्याच वर्षी, खेळ मनासारखा होत नाही म्हणून शिष्यवृत्ती थांबवा, असं त्याच्या वडिलांनीच संघटनेला लिहिलं. पुढची प्रत्येक छोटी खेळी त्या हजाराशी ताडली गेली. पंधराव्या वर्षी.

मामा : तो दोष फोटोचा कसा? हजार धावांची बातमी दाबायची होती का मग?

इथे मला मामांचं म्हणणं पटलं, आणि भाचीलाही पटलं असावं, कारण तिने तो धागा सोडून दिला. पराक्रमाची बातमी होणारच. कोणाची होऊ नये असं म्हणणं मुलांवरच अन्याय करणारं. पण मामांच्या पानावर बातम्या फार थोड्या आहेत, आणि वाद खरा तिथे आहे. तिथे रोजचा सराव आहे, पडलेली पोरं आहेत, रडलेली पोरं आहेत, आणि मधूनमधून ‘प्रवेश सुरू, संपर्क साधा’ आहे. कोळीवाड्यातल्या मुलांकडून मामा पैसे घेत नाहीत. यारी रोड आणि लोखंडवाल्याच्या इमारतींमधून येणाऱ्या मुलांकडून घेतात, आणि त्या पैशांवर बाकीच्यांचे बॉल, बिब आणि स्पर्धांच्या प्रवेश फिया निघतात. हिशेब सरळ आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. भाचीने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

भाची : आमच्या ऑफिसात एखादं पोर बिस्किटाच्या जाहिरातीला घेतलं, समज. पाच सेकंद दिसणार. त्यासाठी काय काय लागतं सांगू? बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आणि नियमात स्पष्ट लिहिलंय, मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला उभं करायचं नाही. आईबापांच्या नाही, मुलाच्या.

मामा : पाळता का हे सगळं?

भाची : सगळे नाही पाळत. पण पाळलं नाही तर विचारायला कायदा आहे. आता गंमत बघ. मुलांना कशात काम करायची मुभा आहे, ते सांगणाऱ्या कलमात जाहिरात, चित्रपट, मालिका यांच्याच ओळीत खेळही आहेत. सर्कस तेवढी वगळलीय. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही दिसत होतं की पोरांचा खेळ हाही तमाशा होऊ शकतो. पण तुझ्या पानावर पोरं पळतात, त्यांच्याकडे बघून लोखंडवाल्यातले पालक फी भरतात, आणि ज्याच्या पळण्यामुळे फी आली त्याला कोणी विचारलेलंही नसतं. ही जाहिरात नाही तर काय आहे?

मामा : मी एक रुपया घरी नेत नाही.

भाची : माहितीये. म्हणून तर तुझ्याशी भांडतेय. जे घरी नेतात त्यांच्याशी कशाला भांडू?

मामा काही वेळ गप्प बसले. मग बोलले ते चिडूनच, आणि मला वाटतं, या वादातलं त्यांचं सगळ्यात वजनदार बोलणं हेच.

मामा : तू कायदा सांगतेस, तो आमच्या वाट्याला नेमका कधी येतो ते बघ. सुट्टीच्या दिवशी मोठे मोठे कॅमेरे गळ्यात घालून लोक इथे येतात. वलांडीवर सुकत घातलेले बोंबील, होड्या, आणि त्यात आमची पोरं. उघडी, शेंबडी दिसली तर जास्तच बरं. कोणाला विचारतात? २०१५च्या ऑक्टोबरात अफरोज शाहांनी या किनाऱ्याची सफाई सुरू केली. काम मोठं झालं, पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल मानच आहे. पण त्यांच्यामागे जगभरचे कॅमेरे आले, त्यांनी कचऱ्यात उभ्या असलेल्या पोरांचे फोटो काढले. ते कुठे कुठे छापले, कोणाला माहीत? तेव्हा संमतीचा कागद घेऊन कोणी आलं नाही. आणि आता त्याच पोरांचा फोटो मी काढतो, हातात कप घेतलेला, सरळ उभं राहून, तर तू मला कलमं वाचून दाखवतेस? आमची पोरं कचऱ्यासोबत दिसलेली चालतात, कपासोबत नाही!

भाची : चालत नाहीत. तेही चालत नाही.

मामा : पण ते थांबवता येत नाही, म्हणून मामाला थांबवायचं.

याला उत्तर सोपं नाही. मुलांचं खाजगीपण जपायचं म्हणून आपण जे नियम करतो ते आधी कोणाला लागतात? नोंदलेल्या संस्थेला, फॉर्म छापणाऱ्या अकादमीला, ज्याचा पत्ता सापडतो त्याला. येऊन जाणाऱ्याला लागत नाहीत. मोठ्या अकादमीत वकील असतो आणि प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात सगळे हक्क लिहून घेतलेले असतात. तिचे फोटो चालूच राहतात. मामांसारखा माणूस बिचकतो आणि थांबतो. मग दिसतात कोण? ज्यांचे आईबाप सही समजून करू शकतात ते.

भाचीने मात्र वाद दुसऱ्याच वाटेने वळवला.

भाची : येऊन जाणाऱ्याचं म्हणतोस तर एक आठव. २०१८मध्ये मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून व्हॉट्सॲपवर देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात आणि एका पोराला उचलून नेतात. तो कुठला होता माहितीये? कराचीतला. तिथल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठीच बनवलेली जाहिरात. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, बघा, मूल उचलायला एक क्षण पुरतो. कोणीतरी तो शेवटच कापून टाकला. उरली फक्त पळवापळवी.

मामा : धुळ्याचं ते.

भाची : त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच माणसं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. त्यानंतर व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी पाचांच्या वर पुढे पाठवायला बंदी घालावी लागली. त्या जमावाने नेमकं काय बघितलं होतं ते मला माहीत नाही, आणि तुझ्या फोटोतून असं काही होईल असंही मी म्हणत नाही. मी म्हणतेय ते एवढंच, की फोटो पाठवणाऱ्याने त्यासोबत जे सांगितलं ते फोटोसोबत जात नाही. खेळणारी पोरं जातात, त्यांच्याबद्दलचं आपलं म्हणणं गळून पडतं, आणि ज्याच्या हाती फोटो लागेल तो त्याखाली हवं ते लिहितो.

मामा : मग ओळ काढून टाकतो. नाव, शाळा, वेळ, काही नको. नुसता फोटो.

भाची : ते तर आजच कर. इंग्लंडमधल्या क्लबांना कितीतरी वर्षांपासून हेच सांगितलं जातं, की मुलाचा फोटो असेल तर सोबत पूर्ण नाव नको, आणि नाव असेल तर फोटो नको. पण तेवढ्याने भागत नाही आता. २०२३च्या सप्टेंबरात स्पेनमध्ये आल्मेंद्रालेखो नावाच्या गावात वीसेक मुलींचे इन्स्टाग्रामवरचे साधे फोटो घेऊन त्यांचे नग्न फोटो बनवले. ॲपने. बनवणारे कोण होते? त्याच गावातली, त्यांच्याच ओळखीची पोरं. पुढच्या वर्षी कोर्टाने पंधरा अल्पवयीन मुलांना दोषी ठरवलं. तू ज्या परक्या माणसाला भितोस—

मामा : मी नाही, तू भितेस.

भाची : बरं, मी भिते. तो परका माणूस बहुतेक वेळा परका नसतोच. वर्गातला असतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब कलम आहे, असलं काही बनवलं, पाठवलं, जवळ ठेवलं तरी गुन्हा. पण गुन्हा नोंदवायला त्या मुलीने आधी कोणाला तरी सांगायला हवं. घरी पहिला प्रश्न काय येणार ते तुला माहितीये.

मामा : ‘फुटबॉल खेळायला कोणी सांगितलं होतं?’

भाची : हेच.

मामांच्या संघात आता मुलीही आहेत, आणि त्या टिकाव्यात म्हणून मामांनी किती घरांचे उंबरे झिजवले हे वर्सोव्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हा मुद्दा त्यांना लागला. पण त्यांच्याकडे याची दुसरी बाजूही होती. एका मुलीला वडील खेळायला पाठवत नव्हते. कपासोबतचा तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला, चार जणांनी अभिनंदन केलं, आणि वडिलांचा विरोध मावळला. दुसऱ्या एका मुलीचं उलट झालं. गावाकडच्या काकांनी रील बघितली, हाफ पँट बघितली, आणि पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. एकच पान, एकच मामा, आणि फोटोही जवळजवळ सारखेच. कुठला फोटो कुठल्या घरात काय करेल, हे टाकणाऱ्याला आधी कळत नाही. दोघांनाही हे मान्य होतं. फक्त त्यावरून पुढे काय करायचं, यावर दोघांची तोंडं दोन दिशांना होती.

मामा : म्हणून तर पालकांची सही घेऊ म्हणतोय. एक कागद छापतो. संपला विषय.

भाची : तुझ्यासमोर कोणता बाप नाही म्हणेल? त्याच्या पोराला तू फुकट शिकवतोस. तू कागद पुढे केलास की तो सही करणारच. मनात काय असेल ते असो.

मामा : आता सही घेतली तरी चूक?

भाची : सही घे. पण ‘नको’ असा रकाना आधी छाप, आणि कारण विचारू नकोस. कारण सगळ्यांना सांगता येत नाही. यारी रोडला एखादी बाई नवऱ्याच्या मारापासून पळून येऊन राहिलीय, असं समज. पोराला तिने तुझ्याकडे घातलंय, शाळा बदललीय. नवऱ्याला ठाऊक नाही ती कुठे आहे. तू फोटो टाकतोस, वर्सोवा बीच, पावणेपाच. ती येऊन तुला सांगेल का, मामा माझ्या मुलाचा फोटो काढू नका, त्याचं असं असं आहे म्हणून? ती गप्प पोराला काढून घेईल. तुला वाटेल, इमारतीतली पोरं, टिकत नाहीत.

मामा काही बोलले नाहीत. मीही एका शाळेत बरीच वर्षं स्नेहसंमेलनाचे फोटो काढले आहेत, पण हे कधी मनात आलं नव्हतं. फोटो नको म्हणणारा पालक म्हणजे आगाऊ किंवा श्रीमंती मिजाशीचा, असंच आपण धरून चालतो.

कायद्याचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण दोघांनीही तो आपापल्या सोयीने वापरला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि पालकांच्या संमतीची अट प्रत्यक्षात २०२७पासून लागायची आहे. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे. मुलांच्या बाबतीतली जबाबदारी मोडली तर दोनशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा ऐकून मामा म्हणाले, ‘तेवढ्यात मी स्टेडियम बांधीन.’ घरगुती, खाजगी वापराला हा कायदा लागत नाही, म्हणजे आजीने नातवाचा फोटो स्टेटसला ठेवला तर कोणी धरणार नाही. फी घेणाऱ्या संघाचं पान घरगुती म्हणायचं का? भाची म्हणते, नाही. मामा म्हणतात, माझ्याइतकं घरगुती काय असतं!

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांबद्दल वेगळं लिहिलं आहे. लहानपणी इंटरनेटवर उमटलेल्या खुणांची आणि पोरवयातल्या चुकांची किंमत कोणालाही आयुष्यभर मोजावी लागू नये, असा त्याचा आशय. पण त्यांच्या लिहिण्यात खुणा मुलं स्वतः उमटवतात. मामांच्या पानावर त्या मोठी माणसं उमटवतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळाच्या आतल्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, त्यातही हीच गंमत आहे. मुलांची खाती गेली, मुलांचे फोटो टाकणाऱ्या आईबापांची आणि सरांची राहिली. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४च्या कायद्यात निदान एवढं म्हटलं, की मुलाच्या छबीवरचा हक्क आईबाप दोघांनी मिळून, मुलाला त्याच्या वयाप्रमाणे विचारात घेऊन वापरायचा.

मामा : फ्रान्सात ओहोटीची वेळ बघून प्रॅक्टिस ठेवत नाहीत.

भाची : मुलाला विचारायला ओहोटी कशाला लागते?

तोवर ती ज्या विषयाकडे यायचं टाळत होती, तिथे आली. मागच्या मोसमात एका सामन्यात संघाचा गोली पेनल्टीवर हरला. बारा वर्षांचा मुलगा. पोस्टला टेकून बसला आणि हमसून हमसून रडला. मामांनी ते चित्रित केलं, त्यावर गाणं लावलं, खाली लिहिलं : ‘कोळीवाड्यातल्या गरीब घरातला वाघ. याला म्हणतात जिद्द.’ पानावरची सगळ्यात जास्त बघितली गेलेली रील ती. हजारो बदाम, आणि एका बूट विकणाऱ्याचा फोनसुद्धा.

मामा : त्याच रीलमुळे अकरा जोडी बूट आले. पोरं अनवाणी खेळायची त्याआधी. हे तू विसरतेस.

भाची : विसरत नाही. त्याला शाळेत काय म्हणतात माहितीये? वर्गात तो दिसला की मागून ते गाणं म्हणतात.

मामा : मला नाही बोलला तो.

भाची : तुला कसा बोलेल? बूट त्याच्या पायात आहेत.

मामा : ट्रायलला मुलं निवडणारे व्हिडिओ मागतात, बाय. मी नाही टाकले तर आमच्या पोरांना बघणार कोण?

भाची : त्यांना पाठव ना. थेट त्यांनाच पाठव. ज्याला निवडायचंय त्याला खेळ बघायचा असतो, रडणं नको असतं. आम्हीसुद्धा ऑडिशनचे व्हिडिओ उघड्यावर ठेवत नाही, दिग्दर्शकाला लिंक जाते आणि काम झालं की काढतो. काढायला तरी हवं.

मग दोघांची घासाघीस सुरू झाली आणि ती मासळी बाजारातल्यापेक्षा कमी नव्हती. उद्याची वेळ पानावरून पालकांच्या ग्रुपवर गेली, यावर मामा पहिल्या झटक्यात तयार. शाळेचं नाव काढायलाही तयार. सरावाचे जवळून काढलेले फोटो बंद, लांबून अख्ख्या संघाचा चालेल, इथवर आले. संघ सोडलेल्या मुलाचे जुने फोटो उतरवायचे, हे त्यांनी कुरकुरत मानलं, कारण जुने फोटो म्हणजे त्यांच्या लेखी इतिहास. त्यावर भाची म्हणाली, इतिहास छापून भिंतीवर लाव, क्लबच्या खोलीत, नावांसकट. ते मामांना भलतंच आवडलं. पण कप जिंकलेल्या संघाच्या फोटोखाली नावं नकोत, हे काही त्यांनी ऐकलं नाही. ‘जिंकल्यावरही नाव नाही लिहायचं तर मग हरल्यासारखंच झालं,’ म्हणाले. भाचीने आडनावं गाळायची तडजोड सुचवली. मामा म्हणाले, वर्सोव्यात एका नावाची सहा पोरं आहेत, आडनावं गाळून कोणाची आई आनंदी होणार? हा मुद्दा तसाच राहिला. मला विचाराल तर कपाच्या फोटोखाली नावं असावीत, ज्यांची तयारी आहे त्यांची. भाचीला हे पटत नाही.

शेवटी मामा म्हणाले, पोरांनाच विचारू. भाचीला अपेक्षा होती की पोरं संकोचाने का होईना, तिच्या बाजूने बोलतील. मामांना खात्री होती की पोरांना फोटो हवेच असतात. विचारलं तेव्हा दोघांचंही चुकलं. फोटोबद्दल पोरांची फारशी तक्रार नव्हती. त्यांच्या फोनमध्ये त्याहून वाईट फोटो त्यांनी एकमेकांचे काढलेले होते. एकीला तिचा मागून काढलेला फोटो नको होता. दोघांना जर्सीच्या क्रमांकासोबत कमेंटमध्ये काय येतं त्याची चीड होती. गोली सगळ्यात शेवटी बोलला, तोही भाचीकडे बघून.

‘रडलेली ठेवा हवी तर,’ तो म्हणाला, ‘पण ते गरीब काढा. आमची स्वतःची होडी आहे.’

मामा त्याला म्हणाले, अरे, तसं लिहिलं म्हणून बूट आले. तो म्हणाला, माहितीये.

मुलं पांगल्यावर मामांनी फोन काढला, ओळ पुसली, आणि फोन तसाच हातात धरून बसले.

मामा : पुढच्या वर्षी पाय वाढतील यांचे. ‘गरीब’ काढलं तर बूट कोण देणार?

भाची : त्याला सांग, पोरं चांगली खेळतात, गेल्या मोसमात इतके सामने जिंकले. म्हणावं, बूट द्या.

मामा : सांगून बघितलंय. रीलच्या आधी तेच सांगत होतो.

भाची : कोणाला?

मामा : त्यालाच. बूटवाल्याला. तीनदा.

भाची : नंबर दे मला त्याचा.